बाहेरच्या कॅसेटी आणि तू

शैले,

तुला जाऊन पंधरवडा होत आला, तरी घरातली माणसांची ये-जा अजून थांबलेली नाही. राधानगरीकडून येतात, बिद्रीकडून येतात, गारगोटीकडून येतात. गारगोटी तर माझं माहेर. माझ्या माहेरची माणसं माझ्या घरी येऊन, माझ्या हातचा चहा पिऊन तुझ्यासाठी रडतात. परवा एक आजोबा म्हणाले, "आमच्या नातवाला आम्ही पहिल्यांदा बघितलं ते तुमच्या ह्या माडीवर. वैनींनी दाखवलं म्हणून." वैनी म्हणजे तू. मी रिकामे कप उचलले आणि आत गेले.

ओट्याशी उभी राहून मला काय वाटलं ते तुलाच सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. मला हेवा वाटला. तू गेलीस, तुझी साडी अजून दांडीवर आहे, आणि मला तुझा हेवा वाटला. मी गेले असते तर एवढी माणसं आली असती का, हा हिशेब मी डोळे पुसता पुसता करत होते.

तुला नवल वाटणार नाही. तुला माहीतच होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं.

मी या घरात तुझ्याआधी आले. खाली आपलं रेडिओ-टीव्हीचं दुकान, वर राहायची जागा. दहावी झाले आणि थोरली सून म्हणून आले. अव्वांना, म्हणजे सासूबाईंना, गुडघ्यांचा त्रास. तेव्हा स्वयंपाकघर पहिल्या वर्षीच माझ्याकडे आलं. अव्वा सीमेकडच्या, त्यांची माहेरची बोली कानडी. घरात पुरुषमाणसं मराठीच बोलायची, त्यामुळे अव्वाही मराठीच बोलायच्या. मी विचारायची, त्या उत्तर द्यायच्या, सगळं सुरळीत होतं. मला वाटायचं, आमचं दोघींचं चांगलं जमलंय.

मग तू आलीस. निपाणीची, बीएस्सी झालेली, फिजिक्स घेऊन. बसूभाऊजींच्या मागून उंबऱ्यातून आत आलीस आणि दुसऱ्याच दिवशी अव्वांजवळ मांडी घालून कानडीत बोलायला लागलीस. अव्वा हसल्या. नुसत्या हसल्या नाहीत, पदर तोंडाला लावून हसल्या. मी परातीत पीठ मळत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की अव्वा माझ्याशी इतके दिवस कामापुरतंच बोलत होत्या.

मी पण शिकायला बघितलं. "ऊटा आयता?" असं काहीतरी म्हटलं जेवणाचं विचारायला. तुम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलात. वाईट मनानं नाही. पण मी परत कानडी बोलले नाही.

नंतर मंगलवन्संची ती पहिली कॅसेट आली. लग्न होऊन अमेरिकेला गेलेली अव्वांची एकुलती लेक. ओळखीच्या कुणाबरोबर तिनं कॅसेट पाठवली होती, घरातली सगळी मंडळी दुकान बंद करून माडीवर जमली. त्या दिवशी मी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली होती. ह्यांनी कॅसेट लावली. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या वर वर सरकायला लागल्या, मधूनच अर्धं तोंड दिसायचं आणि फाटायचं. आणि आवाज! मंगलचा आवाज जाड, ओढल्यासारखा, एखाद्या बाप्यासारखा. "अऽऽव्वाऽऽ." अव्वांनी छातीवर हात मारला. "एनायतु नन्न मगळिगे?" माझ्या लेकीला काय झालं, म्हणून त्या रडायला लागल्या. तिला घशाचा मोठा आजार झालाय आणि तो आपल्यापासून लपवलाय, असंच त्यांच्या मनानं घेतलं.

ह्यांनी मशीन बंद केलं. म्हणाले, कॅसेट खराब आहे.

तू एकटीच पुढं झालीस. "कॅसेट चांगली हाय, दादा. परत लावा." पुन्हा तो आवाज ऐकलास आणि अव्वांचा हात धरून म्हणालीस, "अव्वा, मंगलला काय झालं न्हाय. तिकडची कॅसेट मशिनमधनं जोरात पळती. आपलं मशीन तिला सावकाश फिरवतंय, म्हणून आवाज जाड येतोय. तिकडची रीतच वेगळी."

तुझ्या बोलण्यावरून भाऊजी मुंबईला गेले आणि दोन्हीकडच्या कॅसेटी चालवणारं मशीन आणि एक कन्व्हर्टर घेऊन आले. माडीवरच्या खोलीत तू सगळ्या वायरी जोडल्यास. एका मशिनमध्ये तिकडची कॅसेट, मध्ये तो डबा, दुसऱ्या मशिनमध्ये कोरी. अव्वांसमोर मंगल रंगीत होऊन उभी राहिली, तिच्याच आवाजात बोलली, "अव्वा, जेवलीस का?" अव्वांनी पडद्याला हात लावला आणि मग तुझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

मी दारात परत केलेल्या हुग्गीच्या वाट्या घेऊन उभी होते. मंगल बोलली म्हणून मला पण रडू आलं, ते खरं आहे. पण वाट्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तेही खरं आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मी तुला विचारलं होतं, हे सगळं होतं कसं. तू भाजी निवडता निवडता सांगितलंस. तिकडं एका सेकंदात तीस चित्रं दाखवतात, आपल्याकडं पंचवीस. चित्रातल्या ओळी तिकडं कमी, आपल्याकडं जास्त. रंग भरायची पद्धत पण निराळी. मी म्हटलं, "मग सेकंदामागं ती वरची पाच चित्रं जातात कुठं?"

तू हातातली मेथी खाली ठेवलीस. "अक्का, बरोब्बर विचारलंस की! हेच तर सगळ्यात अवघड हाय. सहा भाकरीचं पीठ घ्यायचं आणि त्याच्या पाच थापायच्या, तसं करतंय ते मशीन. म्हणून पळणाऱ्या पोराला जरा हिसका बसल्यासारखं दिसतंय."

लग्न झाल्यापासून मला कुणी 'बरोब्बर' म्हटलं नव्हतं. मी रात्री जेवेपर्यंत खुशीत होते. आणि तुझ्या एका शब्दानं आपण खुश झालो, याचा मला पुढं कितीतरी दिवस राग होता.

हळूहळू सगळीकडे कळलं. नव्वदनंतर ज्याचा त्याचा पोरगा नाहीतर जावई परदेशी निघाला होता, आणि तिकडून आलेली कॅसेट घेऊन आईबाप आपला जिना चढायला लागले. 'बाहेरची कॅसेट' असं म्हणायची माणसं. "वैनी, बाहेरची कॅसेट हाय, आमच्या टीव्हीवर दिसंल अशी करून द्या." तू त्यांना पाट द्यायचीस, पोरगं कुठल्या गावात असतं ते विचारायचीस. पावसाळ्यात बुरशी धरलेल्या कॅसेटी आणायचे लोक; तू पट्टी हातानं फिरवून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत बसायचीस. तुला खोली मिळाली होती. दुपारी पडदा ओढून बसायला तुला परवानगी होती, कुणी हाक मारायची नाही अशी. माझ्या वाट्याला खोली नव्हती, ओटा होता. येणारी माणसं घरचे तांदूळ आणायची, गूळ आणायची, आणि माझ्या हातात देऊन म्हणायची, "वैनींना द्या." त्या तांदळाचा भात मीच करायची.

एक गोष्ट मात्र तू कुणाला कधी सांगितली नाहीस, आणि तीच माझी तक्रार आहे. तिकडच्या कॅसेटीत माणसांचे रंग सटकायचे. कधी हिरवट पडायची, कधी जांभळी. तू बटण फिरवून फिरवून कंटाळायचीस आणि हाक मारायचीस, "अक्का, जरा हिथं ये. टीव्हीशेजारी बस."

"का?"

"तुझं तोंड बघून त्यांचं तोंड जुळवतो."

मी हात पुसत येऊन बसायची. तू एकदा माझ्याकडे बघायचीस, एकदा पडद्याकडे. "जरा उजेडाकडं कर तोंड. व्हय. आता आलं बघ माणसात." माझ्या कपाळाचं कुंकू आणि पडद्यावरच्या बाईचं कुंकू एकसारखं लाल झालं की तू सोडायचीस मला. एवढ्या लोकांच्या लेकीसुनांना माझ्या तोंडाचा रंग लागला, शैले. एकाला तरी सांगायचं होतंस.

आता मास्तरांचं सांगते. त्यावरून आपलं जे भांडण झालं, ते मिटलंच नाही.

बिद्रीकडच्या एका गावातले ते रिटायर शाळामास्तर आणि त्यांची बायको, इंदूमावशी. त्यांचा प्रकाश कॉम्प्युटरच्या कामावर अमेरिकेला गेला होता. तिथं बर्फात गाडी घसरून गेला. पोहोचणं यांना शक्य नव्हतं, मित्रांनीच तिकडं सगळं उरकलं. काही महिन्यांनी एका मित्रानं त्याची बॅग पाठवली. कपड्यांत एक कॅसेट होती, वर प्रकाशच्या अक्षरात 'घरी' असं लिहिलेलं. दोघं ती टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. मावशी म्हणाल्या, "पोरगं गेल्यापास्नं दिसलं न्हाय. हेच्यात असंल तर बघू."

तू म्हणालीस, चार दिवसांनी या, इथंच दाखवतो.

तासाची कॅसेट बदलायला तासच लागतो. त्यामुळे प्रत्येकाच्या घरचं तू आधी बघायचीस. त्या दुपारी मी चहा घेऊन आले तेव्हा तू पडद्याला नाक लावून बसली होतीस. प्रकाश खिडकीतला बर्फ दाखवत होता, खोली दाखवत होता. मग कॅमेरा स्वयंपाकघरात गेला. तिथं एक गोरी पोरगी. भुऱ्या केसांची, अंगात त्याचाच शर्ट, कोपरापर्यंत पीठ माखलेली. ती काहीतरी इंग्रजीत बोलून हसली आणि प्रकाश कॅमेरा कुठंतरी टेकवून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

मी ट्रे तसाच खाली ठेवला. "शैले, हे काप."

"काय कापू?"

"ती पोरगी काप. त्या माउलीनं त्याच्यासाठी पोरगी बघून ठेवली होती, पुढच्या सुट्टीत लगीन करायचं म्हणून. आधीच पोर गेलंय, त्यात हे कशाला? बर्फ हाय, खोली हाय, तो बोलतोय. तेवढं दे की."

"तो तिच्याकडं बघून बोलतोय, अक्का. ती काढली तर तो कुणाकडं बघून बोलणार?"

"तुला काय करायचं हाय? त्यांचं दुःख वाढवायचं का?"

"मला काय काढ आणि काय ठेव म्हणून कुणी सांगितलं न्हाय. जे हाय ते त्यांचं हाय."

आपला आवाज चढला. पलीकडच्या खोलीतून अव्वा कानडीत काहीतरी बोलल्या, तूही कानडीत उत्तर दिलंस. मी मध्ये उभी. माझ्याच घरात माझ्या भांडणाचा निकाल मला न कळणाऱ्या भाषेत लागत होता. "काय म्हणाल्या?" मी विचारलं. तू म्हणालीस, "मंगलच्या कॅसेटीतलं कुणी काय कापलं असतं तर हात मोडले असते, म्हणतात."

मी चहा परत नेला.

ठरल्या दिवशी दोघं आले. तू मावशींना आधी स्वयंपाकघरात घेऊन आलीस, माझ्यासमोर. "मावशी, कॅसेटीत एक पोरगी हाय. प्रकाशसंगट राहत असणार."

मावशी भिंतीला टेकल्या. मग त्यांनी विचारलं, "कशी हाय?"

"हसरी हाय."

"लाव."

आपण सगळे बसलो. बर्फ झाला, खोली झाली, ती पोरगी आली. मास्तरांचे हात गुडघ्यांवर होते ते आवळले गेले. पडद्यावर ती प्रकाशला ढोसत काहीतरी म्हणाली. तू हळूच सांगितलंस, "आईला सांग म्हणते." प्रकाशनं कॅमेऱ्याकडे बघितलं, खाली बघितलं, परत वर बघितलं. म्हणाला, "आई, हिला भाकरी शिकव की गं. मला येत न्हाय, आणि ही रोज मोडती."

एवढंच. पुढं दोघं हसत होते आणि कॅसेट संपली.

"परत लाव," मावशी म्हणाल्या.

मास्तर उठले. "हे तुम्ही आधी बघितलासा?"

"व्हय," तू म्हणालीस.

"सगळं?"

"बघावं लागतंय, मास्तर. रंग जुळवायला, पट्टी अडकली तर..."

"माझं पोरगं. माझ्या आधी तुम्ही बघितलासा." ते ओरडले नाहीत. चप्पल घालून जिना उतरून गेले. मावशींनी जाताना कॅसेट तुझ्या हातात ठेवली. "हिथंच ऱ्हाऊ दे. घरात ठेवतील का न्हाय, सांगता येत न्हाय."

त्या दिवशी तू स्वयंपाकघरात येऊन रडलीस. मी तुला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. आणि आज सांगते, मला आतून बरं वाटत होतं. कुणीतरी एकदा तुला चुकलीस म्हणालं होतं. दुपारी मी चवीनं जेवले.

तू मात्र ते मनाला लावून घेतलंस. त्यानंतर सुरुवातीचा रंग जुळवलास की टीव्ही बंद करायचीस आणि मशिनकडे पाठ करून बसायचीस. मग व्हायचं तेच झालं. एका कॅसेटीची पट्टी बुरशीनं मध्येच चिकटली, पुढं सगळं कोरं. ते आजोबा रागावले, "वैनी, तुम्ही बघत न्हवतासा व्हय?" तेव्हापासून तू प्रत्येकाला आधी विचारायला लागलीस, मी बघू का न बघू? लोक हसायचे. एक बाई म्हणाल्या, "बघा की. आमची सून कशी दिसतीया ते सांगा आधी, मग मी बघते." त्यांना तू आधी बघितलेलं हवं होतं. मला याचंही वाईट वाटलं. माझी भाजी खायला लोकांना आवडायची, पण आपल्या घरातलं माझ्या डोळ्यांनी आधी बघून घ्यावं असं मला कुणी म्हटलं नाही.

इंदूमावशी एकट्या यायला लागल्या. बाजाराच्या दिवशी एसटीनं, डोळे दाखवायला जाते असं घरी सांगून. तू कॅसेट बरोब्बर भाकरीच्या त्या जागी आणून ठेवायचीस. त्या बघायच्या, "परत" म्हणायच्या, तू परत लावायचीस. एकदा त्या म्हणाल्या, "तिला शिकवायचं ऱ्हाऊनच गेलं की."

दुसरं कुणी असतं तर उसासा टाकला असता. तू भाऊजींना त्या मित्राचा नंबर शोधायला लावलास, बूथवरून फोन केलास, त्या पोरीला गाठलंस. एमी तिचं नाव. तिच्याशी इंग्रजीत बोललीस. परत आलीस तेव्हा तुझे कान लाल झाले होते. "अक्का, ती रडायलीया. पाठवा म्हणती. मावशींची भाकरी कॅसेटवर घ्यायची."

"कुठं?"

"तुझ्या ओट्यावर. दुसरीकडं कुठं?"

लग्नाच्या शूटिंगचा भाऊजींचा कॅमेरा तू हातात घेतलास. पीठ माझं होतं, तवा माझा, परात माझी. पण मावशी आल्या त्या तुझ्याकडे बघूनच बसल्या. "कुठं बघून बोलू गं?" "माझ्याकडं बघा, मावशी." मी बाजूला बसून पाणी देत होते.

"हे बघ बाई," मावशी म्हणाल्या, "पाणी गरम पायजे. हात भाजंल एवढं गरम न्हाय. असं मधी आळं करायचं. मळायचं, भरपूर मळायचं, कटाळा करायचा न्हाय. प्रकाशला जाड भाकरी चालत न्हाय." तिथं त्यांचा हात थांबला. तू कॅमेरा बंद केला नाहीस. मी तुझ्याकडे डोळे वटारले, तरी तू बंद केला नाहीस. मावशींनी नाक पुसलं आणि परत थापायला लागल्या.

तेवढ्यात दारात मास्तर. दवाखान्यात बायको नाही म्हणून शोधत आले असावेत, किंवा त्यांना आधीपासून माहीत असावं. चौकटीला हात लावून उभे राहिले. तव्यावरची भाकरी चिरली होती. मावशींनी वर बघितलं नाही. मास्तर म्हणाले, "पीठ ताजं घे म्हणावं तिला. जुन्या पिठाची चिरती."

मावशी तुझ्याकडे बघून, म्हणजे तिकडं एमीकडे बघून म्हणाल्या, "पीठ ताजं घे गं. हे म्हणत्यात."

माझं पीठ जुनं होतं असं त्यात निघालं, ते राहू दे.

मास्तर खाली जाऊन थांबले. चहाला वर आले नाहीत, तुझ्याशी बोलले नाहीत, पुढंही कधी बोलले नाहीत. तू आपल्याकडची कॅसेट तिकडची करायला बसलीस. उलटं काम. आता पंचवीसची तीस करायची. दोनदा झाली तरी तुझं समाधान होईना. थापताना हात हिसके खातोय, म्हणायचीस, ती शिकणार कशी? तिसऱ्यांदा केलीस आणि कुरिअरनं पाठवलीस. एमीचा फोन आला, पहिल्या सगळ्या मोडल्या म्हणे, पण खाल्ल्या. हे तू मावशींना सांगितलंस तेव्हा त्या तुझ्या गळ्यात पडल्या.

तू बरोबर होतीस, हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हणणार पण नाही. कारण मला अजून वाटतं, मास्तरांचंही खोटं नव्हतं. बापाच्या आधी परक्यानं का बघावं? तू म्हणायचीस, मग दाखवायचं कुणी? मी म्हणायची, ते मला माहीत नाही. मेथी निवडताना, पापड लाटताना आपण किती वेळा तिथपर्यंत आलो आणि थांबलो.

पुढं डीव्हीडी आल्या, कुठलीही चालवणारे प्लेअर आले, लोक कॉम्प्युटरवरच लेकरांशी बोलायला लागले. तुझी खोली रिकामी पडत गेली. मला वाटलं, आता तू माझ्यासारखी होशील, आपण दोघी ओट्याशी उभ्या राहू. तू राहिलीस पण. तरी माणसं जिना चढून तुलाच भेटायला येत होती, कॅसेट नसताना.

परवा इंदूमावशी आल्या. फार थकल्यात. अव्वांच्या गळ्यात पडून म्हणाल्या, "माझी लेक गेली." अव्वांना हल्ली मराठी सुचत नाही, त्या कानडीत रडल्या, आणि दोघींचं एकमेकींना सगळं कळत होतं. मी चहा दिला. मावशींनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"थोरली जाऊ."

"व्हय व्हय. चहा तुम्हीच करत होतासा." मग बशी तोंडाला लावताना म्हणाल्या, "चव तीच हाय." तेवढ्यावर मी दिवस काढला, शैले. हसू नकोस.

दवाखान्यातली ती दुपार मी कुणाला सांगितली नाही. भाऊजी औषध आणायला गेले होते. मी तुला दोन घास भात भरवला, तुझे उरलेले केस विंचरले. मला राहवलं नाही. इतकी वर्षं एका बाजूनं मीच जळत होते, त्याची काहीतरी फेड व्हावी असं वाटलं असेल. मला दोन लेकरं होती, तुला एकही नव्हतं. माझी तब्येत धडधाकट. माझ्या हाताला चव. काहीतरी सापडेल तुला, असं वाटलं.

"शैले, खरं सांग. तुला कधी माझा हेवा वाटला का गं?"

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोप लागली. पण तू विचार करत होतीस. कुणी काही विचारलं की खरंखुरं शोधून उत्तर द्यायची तुझी सवय. मी फणी हातात धरून वाट बघत बसले.

"न्हाय गं अक्का," तू म्हणालीस. "वेळच गावला न्हाय."

मी फणी टाकली. "मरणाच्या दारात तरी खोटं बोल की गं!" आणि तू हसलीस. आवाज फुटत नव्हता, नुसतं पोट हलत होतं, ते बघून मला हसू फुटलं आणि मग आवरेना. नर्सबाई धावत आल्या, पेशंटला त्रास होतोय, तुम्ही बाहेर व्हा म्हणाल्या. तू माझा पदर सोडला नाहीस.

मला त्या उत्तराचा अजून राग आहे. काल सकाळी भाकरी थापताना परत आला, आणि तो सांगायला मी सवयीनं माडीकडे तोंड करून हाक मारली. आता मला वेळच वेळ आहे, शैले. हेवा करायला घरात माणूस नाही.